मदत हवी आहे: वाचादोषांवरच्या विकिपीडिया लेखांसाठी मराठी उदाहरणांना संदर्भ कुठून आणायचा?

नमस्कार. मी डिचोलीच्या बाजूला एका महाविद्यालयात मराठी शिकवते. यंदा दुसऱ्या वर्षाच्या नऊ मुलांनी प्रकल्प म्हणून मराठी विकिपीडियावर वाचादोषांची माहिती वाढवायचं ठरवलंय. तोतरेपणा, उच्चारदोष आणि वाचाघात (मेंदूला इजा होऊन बोलणं-भाषा बिघडणं) हे तीन विषय घेतलेत. सगळं अजून धूळपाटीवरच (विकिपीडियावर कच्चा मसुदा लिहायच्या पानावर) आहे, कारण एका ठिकाणी गाडं अडलंय.

वाचाघाताचं सोपं गेलं. 'टां' एवढंच बोलू शकणारा रुग्ण, आणि १८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात सापडलेली इजा, हे कुठल्याही भाषेत तेच राहतं. उच्चारदोषाचं तसं नाही. इंग्रजीत 'रॅबिट'चं 'वॅबिट' होतं हे नेहमीचं उदाहरण. मुलांनी तेच उचलून मराठीत ठेवलं होतं. आपल्याकडे कुठलं मूल सशाला वॅबिट म्हणतं? मग एकीनं आपल्या भाच्याचं सांगितलं: तो 'काका'ला 'ताता' म्हणतो आणि 'रस्ता'ला 'लस्ता'. उदाहरण अगदी चोख. पण विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही. भाच्याच्या बोलण्याला संदर्भ काय द्यायचा?

दुसरी अडचण शब्दांची. आमच्या मुलांच्या बोलण्यात 'तोतरा' आणि 'बोबडा' सर्रास एकमेकांच्या जागी येतात. लेखात ते वेगळे ठेवावेत असं मला वाटतं, पण ठामपणे सांगायला आधार हवा.

आणि एक. एका मुलानं 'उपचार' या मथळ्याखाली वेखंड उगाळून चाटवायचं लिहिलंय. त्याच्या आजीनं नातवंडांना दिलेलं आहे, त्यामुळे तो मनापासून लिहितोय. मला ते तिथे नको आहे, पण त्याला न दुखावता कसं समजावू?

हे सगळं इतकं मनाला लावून घेण्याचं कारण माझा धाकटा भाऊ. तो अडखळत बोलायचा. शाळेत त्याला 'घाबरतोस म्हणून अडतोस' असं सांगून मुद्दाम उभं करून धडा वाचायला लावत. आईला तेव्हा मराठीत नीट वाचण्यासारखं काही मिळालं असतं, तर ती शाळेत जाऊन भांडली असती.

प्रतिसाद १

ताई, विकिपीडियावर बरीच वर्षं लिहितो, म्हणून सांगतो. दावा आणि उदाहरण वेगळं करा. 'जिभेच्या मागच्या भागानं होणाऱ्या क-ग च्या जागी मूल पुढच्या भागानं त-द काढतं' हा दावा. त्याला पाठ्यपुस्तकाचा संदर्भ द्या. 'काका'चं 'ताता' हे त्याचं नुसतं स्पष्टीकरण, ते ठेवायला हरकत नसावी. चर्चापानावर तशी नोंद मात्र करा. 'मराठी मुलं अमुक वर्षापर्यंत र म्हणत नाहीत' असं काही लिहिणार असाल तर तो नवा दावा झाला, त्याला मराठी मुलांवरचाच अभ्यास लागेल. आणि वैद्यकीय मजकुराला वर्तमानपत्रातली बातमी पुरत नाही. आढावा घेणारे शोधनिबंध किंवा पाठ्यपुस्तकंच वापरा.

प्रतिसाद २

मी फोंड्याला वाचा-उपचार करते. तोतरेपणात बोलण्याचा ओघ तुटतो: अक्षर पुन्हा पुन्हा येतं, लांबतं, नाहीतर तोंडातच अडकतं. बोबडेपणात ओघ ठीक असतो, ध्वनी बदलतो. तुमच्या विद्यार्थिनीचा भाचा बोबडं बोलतो, तुमचा भाऊ तोतरं बोलायचा. लेख वेगळेच हवेत.

तोतरेपणा बहुधा २ ते ५ वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, पुष्कळ मुलांचा आपोआप जातो, मोठ्यांमध्ये साधारण १ टक्का लोकांत राहतो. भीतीनं तो वाढतो, पण भीती हे त्याचं मूळ नव्हे. ही ओळ लेखात अगदी वर घ्या. वेखंडाचं त्या मुलाला एवढंच सांगा, की 'उपचार' वाचून एखादी आई सहा महिने वाट बघत बसेल. लोकसमजुती असा वेगळा भाग करून, छापील संदर्भ मिळाला तर, तिथे लिहू दे.

आपल्या गोव्यासाठी एक भर घाला. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी असलेलं मूल मराठी शब्द कोंकणी वळणानं बोलतं, तो दोष नव्हे. माझ्याकडे अशी मुलं उगाच पाठवली जातात. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांचे प्रबंध आहेत. द्विभाषिक मुलांवरचं काही सापडतं का तिथे शोधा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'ताता' राहतोय म्हटल्यावर ती मुलगी हरखलीच. वेखंडाचं मी त्या मुलाशी बोलले. तो थोडा वेळ गप्प होता, मग त्यानं स्वतःच तो परिच्छेद काढला आणि आता आजीकडून अशा समजुती लिहून घेतोय. ताई, तोतरेपणाचा मसुदा रविवारपर्यंत पूर्ण होईल. मुख्य लेखात नेण्याआधी तुम्ही एकदा वाचून चुका दाखवाल का?