घरात दोन लहान मुलं आहेत, कुठला कुत्रा घ्यावा?

पाऊलखुणा:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा अडीच वर्षांचा. मुलगी वर्षभर कुत्र्यासाठी मागे लागलीय आणि आता आमचंही मन झालंय. नवरा म्हणतो लॅब्रॅडॉरचं पिल्लूच आणूया, मुलांबरोबर मोठं होईल, लळा लागेल. मुलीला कापसाच्या गोळ्यासारखं पॉमेरेनियन हवंय. मी लहान असताना घरात कुत्रा होता पण त्याचं सगळं आईच करायची, मी फक्त खेळायचे, त्यामुळे मला अनुभव आहे असं नाही म्हणता येणार. धाकटा अजून हाताला येईल ते ओढतो, केस, कान, काहीही, हळू हात लाव म्हटलं की दोन मिनिटं ऐकतो. फ्लॅट मध्यम आहे, दोघांची नोकरी, मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. कुठली जात बघू? आणि पिल्लू की मोठा?

रानवाट:
लॅब किंवा गोल्डन रिट्रिव्हर. आमची लॅब नऊ वर्षांची आहे, मुलं तिच्या अंगावर डोकं ठेवून झोपतात. फक्त पहिली दोन वर्षं तिच्यात प्रचंड दम असतो, सकाळ संध्याकाळ नीट फिरवलं नाही तर घरातलं काय काय चावून ठेवेल सांगता येत नाही. वजन तीस किलोच्या आसपास जातं हे पण धरा, नुसती आनंदाने धावत आली तरी अडीच वर्षांचं पोर आडवं होतं.

चारपाय:
लॅब चांगलाच, पण रानवाट यांच्या नऊ वर्षांच्या लॅबकडे बघून पिल्लू आणू नका एवढंच कळकळीने सांगते. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही हेच केलं. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात आणि साधारण तीन ते सहा महिन्यांच्या काळात ते पडून नवे येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात म्हणून ते दिसेल ते चावतं, त्यात मुलाची पावलं आणि पायजम्याची टोकं पहिली. मुलगा किंचाळत पळायचा, पिल्लाला वाटायचं खेळ चाललाय, ते अजून जोरात मागे. कित्येक आठवडे पोरगं सोफ्यावरून खाली उतरायला घाबरायचं. दोघांचाही दोष नव्हता, दोघंही बाळंच होती आणि दोघांना सांभाळायला मी एकटी. शिवाय दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम दोन तास शू धरू शकतं, म्हणजे रात्रीही उठायचं.

पॉमेरेनियनचं म्हणाल तर मुलीला समजावा. हाडं नाजूक असतात, मुलाच्या मांडीवरून उडी मारली किंवा हातातून निसटलं तरी पाय मोडू शकतो. आणि एवढ्याशा जिवाला ओढलं, दाबलं की तो घाबरून चावणारच.

जातीबद्दल बघताना ती मुळात कुठल्या कामासाठी तयार केली ते बघा, खूप काही कळतं. बॉर्डर कॉली मेंढ्या वळवणारी, ती पळणाऱ्या मुलांना पण वळवते, टाचेला दात लावून. बीगल वासावर शिकार काढणारा, स्वभावाने गोड पण नाक जमिनीला लागलं की हाक ऐकू येत नाही, आणि एकटा पडला की लांब सूर काढून ओरडतो, फ्लॅटमध्ये शेजारी वैतागतात. तरी एकाच जातीतले दोन कुत्रे सारखे नसतात. मी तुमच्या जागी असते तर मुलं असलेल्या घरात राहिलेला तीन चार वर्षांचा शांत कुत्रा दत्तक घेतला असता, मिश्र जातीचा असला तरी. त्याचा स्वभाव काय तो समोर दिसतो. पिल्लूच घ्यायचं ठरलं तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नका, आणि आई दाखवायला नाही म्हणाले तर तिथून परत या.

शेपूटवाला:
चारपाय यांच्याशी सहमत. अजून एक, लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचाच असतो, आणि लागतं तोंडाला, डोक्याला, कारण मुलांची उंचीच तेवढी. म्हणून धाकटा आणि कुत्रा, कितीही गरीब कुत्रा असू दे, एका खोलीत एकटे नकोत. दाराला मुलांसाठी असतं तसं छोटं फाटक लावून घ्या. कुत्रा खात असताना, झोपलेला असताना हात नाही. कुत्रा अचानक चावला असं लोक म्हणतात पण तो आधी बरंच सांगत असतो, तोंड फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. मग गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही मारू नका, तो इशारा बंद पडला तर पुढच्या वेळी थेट दातच. लशी आणि जंतांचं औषध वेळच्या वेळी, कुत्र्याच्या पोटातले काही जंत मातीतून, विष्ठेतून मुलांपर्यंत पोचतात.

पाऊलखुणा:
खूप आभार सगळ्यांचे. सोफ्याचं वाचून नवरा गप्पच झाला, आमच्या धाकट्याचं हुबेहूब तेच होईल म्हणाला. एका कुटुंबाकडे तात्पुरती ठेवलेली चार वर्षांची कुत्री आहे असं कळलंय, रविवारी बघायला जातोय. काय विचारू? आणि मुलांना नेऊ का?

चारपाय:
पहिल्या भेटीला दोघंच जा. ताटलीजवळ कोणी गेलं तर काय करते, भांडं पडल्याचा आवाज झाला तर किती वेळात सावरते, मुलं पळत असली की कशी वागते, हे विचारा. तुम्ही खाली बसा, हाक मारू नका, ती आपणहून येते का बघा. आली तर छातीवर दोन तीन सेकंद खाजवा आणि हात काढा. परत जवळ सरकली तर दुसऱ्या भेटीला मुलीला न्या, धाकट्याला तिसऱ्या, आणि त्याला न्याल तेव्हा कुत्री पट्ट्यात आणि तो तुमच्या मांडीवर.