डीएनए प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच बिघडतो
गुन्ह्याच्या तपासात पुराव्यावर डीएनए सापडला नाही की 'डीएनए मिळाला नाही, म्हणजे प्रयोगशाळा ढिसाळ' असा सूर लागतो. पण बरेचदा नमुना वाटेतच खराब झालेला असतो. रक्ताने ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधले की ओल आत कोंडते, जिवाणू आणि बुरशी वाढतात, डीएनएचे तुकडे पडतात. कपडे सावलीत, खोलीच्या तापमानाला पूर्ण वाळवायचे. उन्हात किंवा हीटरसमोर मुळीच नाही. घडी घालताना मध्ये कोरा कागद, म्हणजे एकीकडचा डाग दुसरीकडे उमटत नाही. प्रत्येक वस्तूला वेगळी कागदी पिशवी आणि हातमोज्यांची नवी जोडी. हे शेवटचं घाईत राहून जातं, आणि बचाव पक्षाचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात, ठेवायलाच हवं.