मदत हवी आहे: बोक्याला फळं द्यावीत का? कोणती आणि किती?

बोकोबा
बोका 3 वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन 4 किलो, घरातच असतो. कोरडं खाणं आणि दिवसातून एक पाउच. तब्येतीची तक्रार नाही. पण खरबूज कापलं की ओट्यावर चढतो आणि केळं सोललं की पायात घुटमळतो. नेटवर निम्मे लोक फळं पौष्टिक म्हणतात, निम्मे विष म्हणतात. थोडं दिलं तर चालेल का? साली-बियांचं काय? घरात द्राक्षं आणि मनुकाही असतात. एखादी तोंडात गेलीच तर काय करायचं?

तिसरी_मिशी
चालेल, पण पौष्टिक म्हणून नको, गंमत म्हणून द्या. मांजराला फळातून लागतं असं काहीच नसतं. क जीवनसत्त्व त्याचं यकृत स्वतः बनवतं. फळांमधल्या बीटा कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व त्याला करता येत नाही, ते मांसातून तयारच मिळावं लागतं. टॉरिन (मांजराला खाण्यातूनच लागणारं अमिनो आम्ल) तर फळात नसतंच.

आणि तो गोडासाठी येत नाहीये. गोड चव ओळखणाऱ्या संवेदकाचा एक जनुक मांजरांमध्ये निकामी असतो, हे 2005 मध्ये सिद्ध झालंय. त्याला ओढतो तो वास, शिवाय ओलावा आणि तुम्ही काय खाताय याची चौकशी. त्यामुळे हुंगून निघून गेला तर आग्रह करू नका.

प्रमाण: 4 किलोच्या घरबशा बोक्याला दिवसाला साधारण 200 ते 220 कॅलरी लागतात. सगळा वरचा खाऊ मिळून त्याच्या 10 टक्क्यांच्या आत, म्हणजे 20 कॅलरी. खरबुजाचा 1 सेंमीचा चौकोनी तुकडा जेमतेम 1 ग्रॅमचा, त्यात कॅलरी अर्धीसुद्धा नाही. केळ्याच्या तेवढ्याच तुकड्यात एक. या हिशोबाने अर्धी वाटी खरबूजही बसेल, पण देऊ नका. मांजराच्या लाळेत पिष्टमय पदार्थ पचवणारा अमायलेज नसतो, आतड्यातही साखर फोडणारी विकरं कमी. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, मग गॅस आणि पातळ शी. दोन-तीन तुकडे, आठवड्यातून दोनदा, बस.

खवलेमांजर
वरच्याशी सहमत. आता काय द्यायचं ते.

खरबूज, कलिंगड, केळं, सफरचंद, पेअर, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, आंब्याचा गर: हे चालतं. फळ धुवा, साल काढा, बिया आणि मधला गाभा पूर्ण काढा. ब्लूबेरी अख्खी देऊ नका, चिरडून द्या. सफरचंद कच्चं देत असाल तर पातळ काप करा, कारण मांजर दाढेने कातरतं, आपल्यासारखं चघळत नाही, आणि कडक तुकडा घशात अडकतो. फ्रिजमधलं थेट देऊ नका. एका वेळी एकच नवं फळ, पहिल्यांदा एकच तुकडा, मग तीन दिवस लिटर बॉक्सकडे लक्ष. उलटी, पातळ शी किंवा तोंड-कान खाजवणं दिसलं तर ते फळ यादीतून बाद.

जेवणानंतर द्या, जेवणाऐवजी नाही. न खाल्लेला तुकडा अर्ध्या तासात उचला.

सफरचंद, चेरी, पीच, जर्दाळू, प्लम यांच्या बियांत आणि आठळ्यांत सायनाइड सोडणारे घटक असतात. बी अख्खी गिळली तर ते फारसे बाहेर पडत नाहीत, चावली तर पडतात. पण आठळी अख्खी गिळणंही वाईटच, ती आतड्यात अडकते.

संत्रं, मोसंबी, लिंबू यांच्या सालीतलं तेल मांजराला सोसत नाही. अशी द्रव्यं निकामी करण्याची त्याच्या यकृताची एक वाट जन्मतःच अरुंद असते. ओट्यावर चढू नये म्हणून लिंबाचं तेल लावायचा सल्ला मिळतो, तो अजिबात पाळू नका. ते पंजाला लागतं, पंजा चाटला जातो.

ॲव्होकाडो नको. जॅम, मुरंबा, पाकातली डबाबंद फळं, फळांचा रस, फ्रूट योगर्ट, सगळं नको.

बोकोबा
धन्यवाद! द्राक्षांचं राहिलं.

तिसरी_मिशी
द्राक्षं, मनुका, बेदाणे पूर्ण बंद. मनुका घातलेला केक, बिस्किटंसुद्धा. कुत्र्यांमध्ये यामुळे मूत्रपिंडं निकामी होतात. टार्टारिक आम्लावर मुख्य संशय आहे. मांजरांमधल्या नोंदी कमी आहेत, पण सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. एक मनुका चालते का यावर प्रयोग करायचं कारण नाही.

खाल्लंच तर घरी उलटी करवू नका. मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर मुळीच नाही. मिठाने रक्तातलं सोडियम चढतं, पेरॉक्साइडने मांजराच्या जठराला जखमा होऊन रक्तस्राव होतो. दूध पाजूनही विष उतरत नाही. लगेच व्हेटला फोन करा आणि हे सांगा: काय, साधारण किती, किती वाजता, बोक्याचं वजन. लक्षणांची वाट पाहू नका. उलट्या, सुस्ती, खाणं बंद, आधी पाणी जास्त पिणं आणि मग लघवी कमी होणं, इथवर येईपर्यंत मूत्रपिंडांवर परिणाम झालेला असतो. लवकर नेलं तर सलाइन आणि पुढचे दोन-तीन दिवस क्रिएटिनिनची (मूत्रपिंडं किती काम करतायत हे दाखवणारी रक्ताची) तपासणी, अशी साधारण दिशा असते.

पायरीवरची
इथेच विचारते. आमची भाटी 12 वर्षांची, मूत्रपिंडाचा त्रास आहे. केळं चालेल? आणि बद्धकोष्ठावर पपई द्यावी का?

खवलेमांजर
केळ्यात 100 ग्रॅममागे साधारण 360 मिग्रॅ पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाच्या आजारात काही मांजरांचं पोटॅशियम कमी होतं, काहींचं वाढतं, म्हणून ताजा रिपोर्ट पाहिल्याशिवाय नको. शिवाय अशा मांजराची भूक आधीच कमी असते. जी काही आहे ती पथ्याच्या खाण्याला राखून ठेवा. मधुमेही आणि लठ्ठ मांजरांनाही फळं नकोत.

पपईने बद्धकोष्ठ सुटेल असं धरून चालू नका. मूत्रपिंडाच्या आजारात शी कडक होण्याचं नेहमीचं कारण शरीरातलं पाणी कमी होणं. ओलं खाणं वाढवणं, त्यात कोमट पाणी मिसळणं, दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी ठेवणं याने जास्त फरक पडतो. उकडलेला, बिनमिठाचा लाल भोपळा अर्धा चमचा खाण्यात मिसळता येतो, तोही तुमच्या व्हेटला विचारून. दोन दिवस शी झाली नाही तर तपासून घ्या.

तिसरी_मिशी
बोकोबा, यातली एक गोष्ट तुमच्यासाठीही. बोका लिटर बॉक्समध्ये वारंवार बसून कुंथतोय आणि काहीच येत नाहीये, तर बद्धकोष्ठ समजून भोपळा किंवा पपई देत बसू नका. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, लघवी तुंबलेली असू शकते. वाळूत ओला गोळा दिसतो का ते बघा. नसेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, सकाळपर्यंत थांबू नका.