मुंबईजवळ व्हीलचेअर स्वतः चालवत जाता येईल अशी रानातली वाट सुचवा

वृषाली_डोंबिवली
नमस्कार मंडळी. नवऱ्यासाठी विचारतेय. वय ४१. तीन वर्षांपूर्वी बाइकच्या अपघातात मणक्याला मार लागला, कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. हात मात्र दणकट आहेत. आधी महिन्याला एक गड ठरलेला असायचा. आता आमचं फिरणं म्हणजे मॉल, नाहीतर मरीन ड्राइव्ह. परवा पहिला पाऊस झाला तेव्हा गॅलरीत बसून म्हणाला, "मला झाडं बघायची नाहीत गं, झाडांतनं जायचंय." त्या रात्री मला झोप लागली नाही.

एका दिवसात परत येता यावं. निदान एक किलोमीटर त्याला स्वतःच्या हाताने खुर्ची चालवता यावी. खुर्ची साधी घडीची आहे, मागची चाकं २४ इंची, पुढची छोटी आणि भरीव. कडेकडेची रुंदी २५ इंच. जवळपास खुर्ची आत जाईल असं एखादं स्वच्छतागृह हवं. गाडीभाड्यासकट ४,००० रुपयांत बसवायचं आहे. आणि एक हात जोडून विनंती, "उचलून नेऊ" असं कोणी लिहू नका. ते त्याला नको आहे.

डोंगरवेडा
बोरिवली नॅशनल पार्क! यात विचार करण्यासारखं काय आहे? मुंबईच्या पोटात १०० चौरस किलोमीटरचं जंगल, आत डांबरी रस्ता, तो थेट कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत. शंभरावर लेणी आहेत. तिथून पुढे दगडात कोरलेल्या पायऱ्या आहेत, पण चार पोरं जमवली की काम झालं. आम्ही एका मित्राला पाठुंगळी घेऊन हरिश्चंद्रगड दाखवलाय. मी स्वतः यायला तयार आहे, फक्त सोमवार नको, त्या दिवशी बंद असतं.

वृषाली_डोंबिवली
दादा, भावना पोचली. पण उचलणं नको म्हटलंय मी. तुमच्या मित्रासारखं त्यालाही दोनदा नेलं होतं मित्रांनी. घरी आल्यावर तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

अण्णा_गिरगाव
मलबार हिलला कमला नेहरू पार्कच्या जवळ झाडांतून नेलेला लाकडी उन्नत मार्ग झालाय, २०२५ च्या मार्चअखेर सुरू झाला. लांबी ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर. तिकीट २५ रुपये, वेळ ऑनलाइन ठरवून जावं लागतं. गुडघा बदलल्यावर मी पहिल्यांदा तिथेच गेलो. खालून झाडाचा बुंधा आणि वरून शेंडा, दोन्ही एकाच जागी उभं राहून दिसतं, असं या शहरात दुसरीकडे नाही. जाऊन येऊन जवळजवळ किलोमीटर भरतो.

सई_ठाणे
अण्णा, आत जायला पायरी आहे का, हे नक्की बघितलंत का? खुर्चीचा प्रश्न आहे.

अण्णा_गिरगाव
मी काठी घेऊन गेलो होतो. पायरीकडे लक्ष दिलं नाही, खरं सांगतो. फोन करून विचारा.

कोकणकन्येचा_बाबा
एलिफंटा करा. लाँचचा प्रवास, वर मजा.

सई_ठाणे
एलिफंटाला लेण्यांपर्यंत १२० पायऱ्या आहेत. वर जायला डोली मिळते, म्हणजे परत उचलणंच आलं. शिवाय धक्क्यावरून हलत्या लाँचमध्ये उतरायचं. कृपया मूळ पोस्ट वाचा.

माझं मत माहीमचं निसर्ग उद्यान. धारावीला लागून, मिठीच्या काठावर ३७ एकर. एके काळी कचऱ्याचा डेपो होता, १९९४ ला उद्यान म्हणून खुलं झालं. दमवणारा चढ नाही, सावली दाट. बाबांना अर्धांगवायू झाल्यावर आम्ही त्यांना तिथे फुलपाखरं बघायला न्यायचो. अर्थात त्यांची खुर्ची मी ढकलायचे.

रोहन_पवई
माझा अनुभव सांगतो, बजेटपेक्षा जास्त आहे पण आयुष्यभराचं काम होईल. माझ्या भावाला आम्ही निओफ्लाय खुर्ची आणि पुढे लावायचा निओबोल्ट घेतला. मद्रास आयआयटीतून निघालेल्या कंपनीचं आहे. खुर्ची अंगाच्या मापाने बनवतात, आणि निओबोल्ट जोडला की पुढे एक मोठं मोटरचं चाक येतं, पुढची छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात. खडी, माती, खड्डे, काही अडत नाही. दोन्ही मिळून लाखाच्या घरात जातं. भाऊ रोज विहार लेकच्या बाजूला फेरी मारून येतो, आम्हाला सांगतही नाही. एवढं एक करा.

वांद्रेकर_जुना
+१ रोहन. साधी खुर्ची रानात नेणं म्हणजे हाल.

डोंगरवेडा
४,००० म्हटलंय ताईंनी, तुम्ही लाखाचं सांगताय.

रोहन_पवई
पैसे उडवा असं म्हणत नाही. साधनाचा फरक किती पडतो ते सांगितलं.

हेमा_दादर
माथेरान का नाही सुचवलं कोणी? गाड्या नाहीत, धूर नाही. दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी, पुढे हातरिक्षा करायची, आरामात पॉइंट बघायचे. आम्ही सासूबाईंना तसंच नेलं होतं.

कर्जतचा_शेखर
हातरिक्षाचं आता विसरा. माणसाने माणसाला ओढणं हे अमानुष आहे असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सहा महिन्यांत ती प्रथा बंद करायला सांगितलं, आणि ते योग्यच झालं. माझ्या ओळखीच्या दोघांची फुप्फुसं त्या चढाने गेली. ई-रिक्षा हाच मार्ग आहे.

हेमा_दादर
आणि मग त्यांचं पोट? घोडेवाल्यांचं काय?

कर्जतचा_शेखर
त्यांनाच ई-रिक्षा चालवायला द्यायच्या, पुनर्वसन करायचं, हेच न्यायालयाने सांगितलंय. आणि ते पेव्हर ब्लॉकचं प्रकरण वेगळंच आहे. तांबड्या मातीत ब्लॉक बसवले की घोडे घसरतात, काढले की पावसात चिखल होतो...

वृषाली_डोंबिवली
हेमाताई, शेखरदादा, हा विषय महत्त्वाचा आहे, त्यावर वेगळा धागा काढा ना. आम्हाला रिक्षात बसायचं नाहीये, खुर्ची चालवायची आहे.

चाकांवर_मी
वृषाली, मी १९ वर्षं खुर्चीवर आहे. जागेचं नाव सांगत नाही, जागा पारखायची कशी ते सांगतो.

"सपाट आहे" हे चालणाऱ्या माणसाने सांगितलेलं धरू नकोस. त्याच्या पायाला जो चढ कळतही नाही तो खांद्याला कळतो. नियमात रॅम्प १:१२ चा असतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तोही चार पावलांपुरता. अर्धा किलोमीटर तसा चढ हाताने कोणी चढत नाही. दुसरं, रस्त्याला पाणी वाहून जायला बाजूला कल दिलेला असतो. कडेने चाललं की खुर्ची सारखी गटाराकडे ओढते आणि एकच हात मरतो. रस्त्याच्या मधोमध चालायचं, म्हणजे वाहनं कमी असलेला रस्ता हवा.

खडीत पुढची छोटी चाकं रुततात. त्याला मागच्या दोन चाकांवर तोल धरता येतो का? येत असेल तर पुढची उचलून तेवढा पट्टा पार होतो. नसेल येत तर खुर्ची उलटी करून मागे मागे न्यायची, मोठं चाक आधी. हे घरी गादी अंथरून शिकता येतं, मागे कोणीतरी उभं पाहिजेच.

फोन करून "व्हीलचेअर चालते का" असं विचारलंस तर सगळे हो म्हणतात. विचार, फाटकात दोन खांबांमध्ये किती इंच? संडासाला पायरी किती? दार किती रुंद? एका बागेत मी दीड तास प्रवास करून गेलो. आत गुळगुळीत रस्ता, दारात सुंदर रॅम्प, आणि रॅम्पच्या तोंडाशी बाइक आत जाऊ नये म्हणून मधोमध खांब ठोकलेला. फाटकाबाहेर चहा घेतला आणि परत आलो. शक्य असेल तर कोणाला तरी आधी पाठव, आणि व्हिडिओ गुडघ्याच्या उंचीवरून, फोन खाली धरून काढायला सांग. डोळ्याच्या उंचीवरून सगळे रस्ते चांगले दिसतात.

आणि संवेदना नाही म्हणतेस म्हणून सांगतो, दर १५-२० मिनिटांनी हातांवर वजन घेऊन बूड उचलायचं. पावसात भिजलेल्या गादीवर तासभर बसला तर बेडसोर, म्हणजे दाबाने कातडीला होणारी जखम, धरायला वेळ लागत नाही. कोरडं कव्हर बरोबर ने. घरी आल्यावर आरसा धरून कातडी तपासा, दोघांनी मिळून.

फिजिओ_मंजिरी
वरच्या प्रत्येक ओळीला +१. सायकलवाले घालतात ते अर्ध्या बोटांचे हातमोजे घ्या, तीनशे-चारशेत मिळतात. उतारावर चाकाची कडी तळहातात धरूनच वेग आवरावा लागतो, ओली असली की निसटते आणि कोरडी असली की भाजते.

ॲड_नितीन
मला या धाग्याचं वाईट वाटतंय. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सुगम्य भारत अभियान २०१५ पासून चालू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक असू शकत नाहीत, ते सक्तीचेच हवेत. आणि आपण इथे कुठे खांब आहे, कुठे नाही, हे एकमेकांना विचारतोय. प्रत्येक उद्यानाच्या दारावर चढ, रुंदी, पृष्ठभाग लिहिलेला असायला हवा. वृषालीताई, जिथे अडाल तिथे फोटो काढा, लेखी तक्रार द्या. मसुदा मी करून देतो, पैसे घेणार नाही.

चाकांवर_मी
नितीनजी, तक्रार मी तीनदा केलीय, चौथीही करेन, मसुदा जरूर पाठवा. पण तिला या रविवारी जायचंय.

वांद्रेकर_जुना
ऐरोलीला खाडीकिनारी जैवविविधता केंद्र आहे. फ्लेमिंगो बघा.

सई_ठाणे
पावसात फ्लेमिंगो कुठून? नोव्हेंबर ते मे धरा.

वांद्रेकर_जुना
थोडे राहतात.

सई_ठाणे
थोडे राहतात ते बोटीतून दिसतात, आणि बोटीत चढायला परत तोच प्रश्न.

डोंगरवेडा
मी परत सांगतो, बोरिवली. कान्हेरीचं सोडा, नुसता आतला रस्ता करा. सकाळी लवकर. खाणं मांडीवर ठेवू नका, माकडं हिसकावतात.

अण्णा_गिरगाव
पावसात कुठेही शेवाळ धरतं. दिवाळीपर्यंत थांबा असं माझं मत.

वृषाली_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाळीपर्यंत थांबणं त्याला मान्य नाही. धागा त्याला वाचायला दिला. "चाकांवर_मी" यांची पोस्ट त्याने तीनदा वाचली आणि हॉलमध्ये गादी अंथरायला सांगितली.

*(नऊ दिवसांनंतर)*

वृषाली_डोंबिवली
जाऊन आलो. तुम्ही सुचवलेल्या कुठल्याच जागी गेलो नाही, राग मानू नका. बोरिवली जवळजवळ ठरलं होतं. पण रविवारच्या गर्दीत लोक वळून बघतात, मदत करायला धावतात, ते त्याला पहिल्याच वेळी नको होतं.

माझ्या मामाचं गाव मुरबाडच्या पुढे आहे. गावातून पलीकडच्या पाड्यावर जाणारा डांबरी रस्ता आहे, एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला साग आणि ऐन. दिवसातून दोन एसट्या आणि काही बाइक, एवढीच वर्दळ. मामेभाऊ गुरुवारी तिथून चालत गेला आणि फोन गुडघ्याशी धरून व्हिडिओ पाठवला. त्यात डोळ्यांना कधी दिसलं नसतं ते दिसलं. ६०० मीटरवर मोरी आहे आणि मोरीच्या अलीकडे डांबर उखडून दोन हात लांबीचा खडीचा पट्टा पडलाय. भाऊ म्हणाला, फळ्या टाकून ठेवतो.

रविवारी साडेसातला सुरुवात केली. रस्त्याच्या मधून. खाचरांत आवणी चालू होती, बायका वाकलेल्या, कोणी ढकलायला आलं नाही. एकीने फक्त विचारलं, "कुठवर?" तो म्हणाला, "पाड्यापर्यंत." रस्त्यावर छोटे खेकडे होते, त्यांच्यासाठी तो दोनदा थांबला. कडेला टाकळा वितभर वाढला होता, खुर्चीतून हात खाली सोडला की पानं लागत होती. ते तो किती वेळ करत राहिला.

मोरीपाशी फळ्या तयार होत्या. त्याने भावाला त्या बाजूला घ्यायला सांगितल्या. मी मागे उभी राहिले, हात खुर्चीला न लावता. पहिल्यांदा पुढची चाकं लवकर टेकली आणि रुतला. उलटा बाहेर आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मागच्या चाकांवर तोल धरून पूर्ण पट्टा पार केला आणि मोरीवर जाऊन थांबला. माझ्याकडे पाठ होती. पाणी बघत बराच वेळ बसला होता.

स्वच्छतागृहासाठी मामाच्या घरी परत यावं लागलं, तिथे पायरी आहे, तेवढी भावाने विटा-फळीने सोडवली. पुढच्या वेळी नीट उतार करून घेऊ. गाडी भावाच्या मित्राची, डिझेल आणि जेवण धरून २,३०० लागले.

चाकांवर_मी
वाचून बरं वाटलं. परतीला उतार होता का? तळहात कसे आहेत? कातडी बघितली?

वृषाली_डोंबिवली
शेवटचे २०० मीटर उतार होता. हातमोजे घालूनही उजव्या अंगठ्याखाली फोड आलाय. कातडी बघितली, कुठे लाल नाही. गादीचं कव्हर मध्ये एकदा बदललं.

डोंगरवेडा
ताई, छान झालं. पण बोरिवली एकदा कराच.

ॲड_नितीन
मसुदा दोघांनाही पाठवलाय.

सई_ठाणे
वृषाली, पाड्यापर्यंत गेलात का शेवटी? आणि तो रस्ता साधारण किती रुंद आहे? आमच्या ओळखीत एक मुलगी आहे, तिची खुर्ची बॅटरीवरची, २७ इंची.

वृषाली_डोंबिवली
नाही, मोरीवरून परत फिरलो, पाऊस आला. जाऊन-येऊन १.२ किलोमीटर झालं. एक एसटी जाईल एवढा रुंद आहे, बस आली की साइडपट्टीवर उतरावं लागतं आणि ती चिखलाची आहे. म्हणून बसच्या दोन्ही वेळा विचारून घ्यायच्या. या रविवारी परत जातोय. मोरीच्या पुढचा व्हिडिओ आला की इथे टाकते.