भावाच्या ट्रान्सप्लांटमध्ये रोज वजन का मोजतात
ताई, तुम्ही विचारलंय की भावाचं डोनरच्या पेशींचं बोन मॅरो (स्टेम सेल) ट्रान्सप्लांट झाल्यावर डॉक्टर रोज वजन आणि पोटाचा घेर का मोजणार म्हणतायत. कारण रक्तवाहिन्याच आहेत. पेशी देण्याआधी जी जड किमो असते, बुसल्फान वगैरे, किंवा पूर्ण अंगाला रेडिएशन, त्याने रक्तवाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं, आणि लिव्हरमधल्या बारीक वाहिन्या बुजायला लागल्या की अंगात पाणी साठतं, वजन वाढतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, बिलिरुबिन (रक्तातलं कावीळ दाखवणारं द्रव्य) चढतं. याला व्हीओडी म्हणतात, बहुतेकदा पहिल्या 3 आठवड्यांत दिसतं, म्हणून ते मोजमाप एक दिवसही चुकवू देऊ नका प्लीज. बचावासाठी बऱ्याच ठिकाणी अर्सोडिऑलच्या गोळ्या देतात. गंभीर झालं तर डेफिब्रोटाइड हे औषध आहे, अमेरिकेत त्याला 2016 मध्ये मंजुरी मिळाली, पण आधीपासून देऊन व्हीओडी टळतो का हे तपासलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही, त्यामुळे आधीच का देत नाहीत म्हणून जीव टांगणीला लावू नका.

घरी आल्यावर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या) चालू असताना बीपी वाढलं, लघवीत प्रोटीन आलं, एलडीएच (पेशी तुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) वर गेलं, प्लेटलेट परत पडल्या तर टीएमएचा संशय घेतात, म्हणजे बारीक वाहिन्यांत गुठळ्या. लगेच टीमला फोन करा, पण गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशींनी भावाच्याच शरीरावर केलेला हल्ला, उसळू शकतो. बीपीचं मशीन आत्ताच घेऊन ठेवा आणि आकडे वहीत लिहा, ओपीडीत दाखवायला.