जुनं गेम मशीन वर्षानुवर्षं चालूच ठेवावं का? (घरात भांडण चालूय, मतं द्या)

मिरजेचा_मुस्तफा:
आमच्या गल्लीतलं व्हिडिओ गेम पार्लर कधीच बंद पडलं, त्यातलं एक मशीन मी तीन वर्षांपूर्वी भंगाराच्या भावात उचललं. तेच ते मुस्तफावालं, त्यातल्या एका हिरोच्या नावावरून. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमनं १९९३ ला काढलेलं, पण ते नाव आमच्यात कुणाला माहीत होतं! देताना पार्लरवाले काका एवढंच म्हणाले, "चालूय तोवर चालू दे, बंद केलंस तर उठायचं नाही." तेव्हापासून मी ते बंद केलेलं नाही, लाइट गेली की इन्व्हर्टरवर घेतो. बायकोचं म्हणणं मी वेडा झालोय. माझं मत असं की जुनं इलेक्ट्रॉनिक्स मरतं ते स्विच दाबताना, चालताना नाही. गार-गरम होऊन सोल्डरला चिरा जातात, चालू करताना करंटचा झटका बसतो, हे कुणीही टीव्ही मिस्त्री सांगेल. बोला.

गरम_सोल्डर:
मी टीव्ही मिस्त्रीच होतो, आणि असहमत. झटका बसतो हे खरंय, पण तुम्ही दुसरी बाजू सोडून दिलीत. आत जे कंडेन्सर असतात त्यांच्यातलं द्रव उष्णतेनं हळूहळू सुकतं, आणि ढोबळ हिशोब असा की तापमान १० डिग्रीनं वाढलं की आयुष्य निम्मं. प्लायवूडच्या बंद खोक्यात, मिरजेच्या एप्रिलमध्ये, मागं पिक्चर ट्यूब तापलेली, त्यात वर्षाचे ८,७६० तास. तीन वर्षांत किती झाले ते तुम्हीच मांडा.

व्हॉल्ववाले_आजोबा:
धागाकर्त्याच्या बाजूनं. ही काय आजची गोष्ट नाही. १९४६ ला जगासमोर आलेल्या एनिआक कॉम्प्युटरात जवळजवळ १८,००० व्हॉल्व (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या) होते आणि ते उडायचे ते मुख्यतः गरम होताना नाहीतर गार होताना, म्हणून तो शक्यतो बंदच करायचे नाहीत. तिकडे इंग्लंडात टॉमी फ्लॉवर्सनं कोलोसस नावाचा कॉम्प्युटर बांधायला घेतला तेव्हा एवढे व्हॉल्व टिकणार नाहीत म्हणून लोकांनी नाकं मुरडली, तर हा गडी टेलिफोन एक्स्चेंजात काम केलेला, त्याला माहीत होतं की बंद केले नाहीत तर टिकतात.

गरम_सोल्डर:
आजोबा, मान्य, पण ते सगळं व्हॉल्वचं. मुस्तफाच्या खोक्यात व्हॉल्व म्हणावा असा एकच, पिक्चर ट्यूब. आणि तिचा फिलामेंट जितका वेळ पेटतो तितकी ती म्हातारी होते. पॅकमॅनची जुनी मशीनं बघा, बंद असली तरी काचेवर भिंतींचा नकाशा दिसतो, इतका तो काचेच्या आतल्या चकाकणाऱ्या लेपात, फॉस्फरमध्ये, भाजलाय.

मिरजेचा_मुस्तफा:
ते पॅकमॅनचं, एकच चित्र तासन् तास. माझ्या मशीनवर डेमो सारखा बदलत असतो.

पेठेतला_पाहुणा:
डेमो बदलतो, पण खालचं 'इन्सर्ट कॉईन' कुठं हलतंय? 😄
बाकी लिव्हरमोरचा बल्ब अजून कुणी आणला नाही याचं आश्चर्य. कॅलिफोर्नियातल्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून लागलेला आहे. पण तो जेमतेम ४ वॅटवर टिमटिमतो, त्यामुळे तो कुणाच्या बाजूनं मोजायचा ते ठरवा. मशीन १०० वॅट खातंय असं धरलं तर वर्षाला ८७६ युनिट, युनिटला १० रुपयांनी ८,७६० रुपये. एवढ्यात दुसरं मशीन आलं असतं.

बॅटरी_संपली:
चालू ठेवण्याचा एक खरा फायदा कुणी बोललंच नाही. कॅपकॉमच्या सीपीएस-२ नावाच्या गेम बोर्डांवर गेम उघडायची किल्ली बॅटरीवरच्या मेमरीत असायची, बॅटरी मेली की गेम मेला. बोर्ड चालू असला की बॅटरी खर्च होत नाही. अर्थात २००७ मध्ये लोकांनी ते कोडं सोडवलं, आता मेलेला बोर्डही उठवता येतो. आणि आपल्याकडचे बहुतेक बोर्ड डुप्लिकेट, त्यात ही भानगडच नसते. चोरीच्या मालाचं आयुष्य जास्त!

शटरबंद:
सगळे एनिआकपर्यंत जाऊन आले, साधी गोष्ट राहिली. पार्लरवाले काका रोज रात्री शटर ओढायच्या आधी मेन स्विच पाडायचेच की. म्हणजे ते मशीन वर्षानुवर्षं रोज बंद होऊन रोज उठत होतं. मग काका "उठायचं नाही" म्हणाले ते कशामुळं? मुस्तफाभाऊ, शेवटी शेवटी सकाळी चालू व्हायला वेळ घ्यायचं का?

मिरजेचा_मुस्तफा:
हो, घ्यायचं की. पहिली पाच-दहा मिनिटं चित्र दोन्हीकडनं आत आखडलेलं, नुसती टिकटिक, आणि मग एकदम नीट. काका म्हणायचे झोप उडाली नाही अजून.

गरम_सोल्डर:
झालं तर मग. हे सुकलेल्या कंडेन्सरचं लक्षण आहे, गार असला की काम करत नाही, तापला की कसाबसा करतो. काकांनी तुम्हाला रोग सांगितला आणि तुम्ही तो औषध समजून तीन वर्षं देताय. पन्नास-शंभर रुपयांचे कंडेन्सर आहेत हो. मागची फळी काढून नुसतं बघा, कुणाचं पोट फुगलंय का. बघाच फक्त, ट्यूबवरच्या त्या रबरी टोपीला मशीन बंद असलं तरी हात लावायचा नाही, भिंतीवर जाऊन आदळाल.

व्हॉल्ववाले_आजोबा:
तरी माझं म्हणणं तेच. आता बदलायचं तर बदला, पण नंतर उगाच रोज चालू-बंद करू नका.

मिरजेचा_मुस्तफा:
फळी काढली. सप्लायमधले दोन फुगलेत, एकाच्या बुडाशी तपकिरी काहीतरी सांडून वाळलंय. धूळ एवढी की पाल मरून सुकलेली त्यात दिसली नव्हती. टॉर्च बायकोनं धरला होता, ती काही बोलली नाही, नुसतं बघितलं. अजून बंद केलेलं नाही. रविवारी मिस्त्री येतोय, मेन स्विच मीच पाडणार असं तिनं आत्ताच सांगून ठेवलंय.