महापालिकेच्या शाळेतले दिवस: तुमचेही अनुभव लिहा

परळची_पोर
परवा भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला जुन्या चाळीत गेले होते. वाटेत शाळा लागली. गेटवर आता 'मुंबई पब्लिक स्कूल' अशी पाटी, भिंतीवर सूर्यमालेचं चित्र. आमच्या वेळी नुसता शाळा क्रमांक असायचा. जिन्याचा झिजलेला लाकडी कठडा मात्र तोच! वॉचमन 'कोण पाहिजे' म्हणेपर्यंत हात लावून घेतला.

तीन मजले, तीन शाळा. तळाला उर्दू, मध्ये आम्ही, वर तेलुगू. सकाळी तिन्ही प्रार्थना एकदम सुरू व्हायच्या. तेलुगू प्रार्थनेच्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत, अर्थ विचारू नका.

१९९४ ची गोष्ट, मी चौथीत. भाऊ सहा महिन्यांचा झाला नि आई परत कामाला लागली, म्हणून मला घरी बसवलं. चौथ्या दिवशी बाई चाळीत हजर. आईला म्हणाल्या, "बाळ सांभाळायलाच घरी राहते ना? मग बाळालाही पाठवा." आणि खरंच, मार्चपर्यंत भाऊ वर्गात, मागच्या बाकाखाली चादरीवर. रडला की बाई खांद्यावर घ्यायच्या आणि तशाच फळ्यावर भागाकार मांडायच्या. त्याचंच लग्न आहे आता.

तुम्ही अशा शाळेत शिकला असाल, शिकवलं असेल, मुलं घातली असतील तर लिहा. शाळा कशा सुधाराव्यात यावर भाषण नको, घडलेलं सांगा.

दुपारपाळी
माझंही तसंच. उपस्थिती भत्ता कोणाला आठवतो का? हजेरीच्या दिवसाला एक रुपया, तोही ठरावीक मुलींनाच. माझी मैत्रीण ताप अंगात घेऊन यायची. मी मुलगा असल्याचं दुःख फक्त तेव्हाच झालं.

खडूवाली
गेली १९ वर्षं शिकवतेय, त्यामुळे हा धागा माझाच समजा. मोबाईलवरून लिहितेय, चुका पोटात घाला.
आमच्या इमारतीत अजूनही तीन माध्यमं आहेत. महापालिकेच्या शाळा एकूण आठ भाषांत चालतात, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. हे बाहेर सांगितलं की लोक तोंडाकडे बघत राहतात. वह्या-दप्तर-बूट-छत्री धरून २७ वस्तू मोफत मिळतात मुलांना. छत्री मिळाली की ऊन असलं तरी उघडूनच घरी जातात!
शिकवण्याशिवायची कामं किती, असं सगळे विचारतात. जनगणना, निवडणूक, आपत्ती, ही तीन कामं तर शिक्षण हक्क कायद्यानेच आमच्याकडे ठेवलीत. मतदारयाद्या घेऊन वस्तीत फिरले तेव्हा गल्लीतली पोरं मागे मागे. "बाई आमच्या घरी आल्या!" त्या फिरण्यात मला कळलं की माझा पहिल्या बाकावरचा पोरगा पाणी भरायला चार वाजता उठतो. त्याआधी मी त्याला वर्गात जांभई देतो म्हणून उभं केलं होतं.

मिसळ_पाव_नको
@खडूवाली, नंतर त्याचं काय केलं?

खडूवाली
काय करणार. पहिला तास चित्रकलेचा घेतला वर्षभर. डोकं टेकून रंगवायचा.

सुमन_वि
परळची_पोर, बाईंना पत्रिका दिलीस की नाही????

गुणाकार
आम्हाला खिचडी नाही, तांदूळ मिळायचा. महिन्याला ३ किलो, ८० टक्के हजेरी असेल तर. पिशवी घरून न्यायची. माझी पिशवी फाटकी निघाली आणि शाळेपासून घरापर्यंत तांदळाची रेघ. आजी झाडू घेऊन मागे. कबुतरांची दिवाळी. शिजवलेली खिचडी नंतर आली, सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिल्यानंतर, तोवर मी सातवी पास होऊन बाहेर.

मिसळ_पाव_नको
😂😂 कबुतरांची दिवाळी

रेवती_के
खिचडीवरून आठवलं, माझ्या तीन लिटरच्या कुकरची शिट्टीच होत नाहीये. रिंग बदलली. कोणाला माहीत आहे का?

सकाळपाळी
सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. आमच्या शाळेत आठवीत गणिताला सहा महिने शिक्षक नव्हते. पीटीचे सर येऊन बसायचे, "उदाहरणसंग्रह सोडवा" म्हणायचे आणि पेपर वाचायचे. सोडवणार काय, कप्पाळ. मग आमच्यातलाच एक शिकवायला लागला. तो आज रिक्षा चालवतो, आणि समीकरणं त्याच्याइतकी सोपी करून मला अजून कोणी सांगितलेली नाहीत. कधी भेटला की भाडं घेत नाही, त्यामुळे मी लांबून दुसरी पकडतो.
आणि अकरावी! दहावीपर्यंत काटकोन, लघुकोन, मूलद्रव्य. कॉलेजात पहिल्याच दिवशी मॅडम 'अक्यूट, ऑब्ट्यूस' करत सुटल्या. मला वाटलं रोगांची नावं आहेत. हुशार होतो हो मी, ८१ टक्के होते. दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नाही. आता मराठी शाळेतही गणित-विज्ञान इंग्रजीतून घेता येतं, सेमी म्हणतात त्याला, ते बघून बरं वाटतं नि थोडा रागही येतो. आमच्या वेळी कुठे होतं हे?

दुपारपाळी
@सकाळपाळी अगदी अगदी. 'समच्छेद' ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला अजून येत नाही आणि मी बँकेत आहे.

आशूची_आई
मी शिकले खाजगी शाळेत, पण लेकीला महापालिकेच्या शाळेत घातलंय म्हणून लिहू का? लिहितेच.
शाळा व्यवस्थापन समितीत घेतलं मला. कायद्याप्रमाणे ७५ टक्के सभासद पालक लागतात आणि निम्म्या बायका, म्हणून मुख्याध्यापिका गेटवर उभ्या राहून आया गोळा करत होत्या. मी सापडले. पहिल्या बैठकीला चहा, बिस्कीट, सही. दुसऱ्या बैठकीलाही तेच. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर'. काय मंजूर, देव जाणे.
मग एके दिवशी लेक घरी आल्या आल्या धावत संडासात. रोजचंच झालं होतं. विचारलं तर म्हणाली, शाळेतल्या दाराला आतून कडी नाही. दोघी दोघी जातात, एक बाहेर दार धरून उभी राहते. तिची दार धरणारी मैत्रीण आठवडाभर गावाला गेली होती, म्हणून ही पाणीच पीत नव्हती.
तिसऱ्या बैठकीत बोलले. हात थरथरत होते. सगळे म्हणाले हो हो, पत्र द्यावं लागेल, प्रस्ताव जाईल. एक बाबा (पेंटिंगची कामं करतात) उठले, म्हणाले "कडीला कसला प्रस्ताव?" दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ड्रिल घेऊन आले. मी कड्या आणल्या, पाच. चार दारांना बसल्या, पाचवं दार कुजलेलं, स्क्रू धरेना. ते बिचारे ओशाळले. त्यासाठी मात्र पत्रच द्यावं लागलं, साडेचार महिन्यांनी नवीन दार आलं.
त्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरी उगाच आत जाऊन कडी लावत नि काढत होत्या. खट खट खट. मुख्याध्यापिका ओरडल्या नाहीत.

खडूवाली
आशूची_आई, 🙏. आमच्या समितीत याल का हो?

नवा_बाप
मुलीचा नंबर लागला यंदा, सीबीएसईवाल्या महापालिका शाळेत. सोडत होती. महापालिकेने सीबीएसई सुरू केल्यापासून रांगा आहेत. गंमत म्हणजे सासूबाई आधी "म्युनिसिपालटीत घातलंत?" म्हणून दोन दिवस फुगल्या. सीबीएसई म्हटल्यावर सोसायटीत पेढे त्यांनीच वाटले. शेजारी मराठी शाळेची इमारत आहे, तिथेही बाई चांगल्या आहेत म्हणतात, तिथे सोडत नाही, जागाच जागा. मीही तिथे नाही घातलं. काय बोलणार.

सकाळपाळी
@नवा_बाप खरं बोललात.

टॅबवाला
२०१५ ला आठवीच्या मुलांना टॅब मिळाले, त्यातला मी. दप्तर हलकं होणार म्हणून सगळे खूश होते. आईने टॅबला शिवून कव्हर केलं, फुलाफुलांचं, जुन्या परकराचं. मुलं हसली. धडे खूप ऐकले खरं तर, इतिहासाचे जास्त.
कोरोनात तोच टॅब धाकट्या बहिणीने काढला, चालू झाला नाही. घरात फोन एक, शिकणारे तिघं. बहीण पहिलीत असताना मार्च २०२० ला शाळा बंद झाली, पुन्हा वर्गात बसली १५ डिसेंबर २०२१ ला, तिसरीत. बाकावर बसायचं कसं हेच विसरली होती, मांडी घालून वर चढून बसली.

सुमन_वि
बाईंचं काय झालं??? कोणीच सांगत नाही.

रेवती_के
कुकरचं पण कोणीच सांगत नाही.

गुणाकार
@रेवती_के शिट्टीच्या खालचं भोक सुईने साफ करा, भात अडकला असेल.

परळची_पोर
आले आले, पाहुणे होते घरी. चाळीतल्या काकूंकडून बाईंचा नंबर मिळाला, विरारला असतात. फोन केला. नाव सांगितलं, नाही ओळखलं. आडनाव सांगितलं, नाहीच. जरा खट्टू झाले. मग म्हटलं, बाई, मागच्या बाकाखाली बाळ असायचं ना, ते आमचं. लगेच म्हणाल्या, "अगं तो! खडू खायचा मेला. दात येत होते त्याला."
शनिवारी पत्रिका घेऊन जातोय दोघं. लोकलचा मेगाब्लॉक रविवारीच असतो ना?

दुपारपाळी
रविवारीच. शनिवारी बिनधास्त जा, सकाळची विरार लोकल पकड, रिकामी असते त्या बाजूला.

रेवती_के
झाली शिट्टी!!! धन्यवाद गुणाकार.